एकोनं भंडारा उचलला नाही

"उल्के, चल बघू. इंग्रजी पायजे."

बंडा नलवडे दारातूनच ओरडला. जसं काही इंग्रजी म्हणजे आमच्या घरात डबा भरून ठेवलेलं पीठ, हवं तेव्हा वाटीभर न्यायचं. फायनलचा दिवस होता. मी केस विंचरत होते.

"कुठं, बंडादादा?"

"तालमीत. उंबऱ्याच्या भाईर थांबायचं. आत पाय टाकायचा न्हाई."

तेवढं मला सांगायची गरज नव्हती. माझे वडील, आबा, दगडी हौद तालमीचे वस्ताद, पण आईनंसुद्धा तालमीतल्या मारुतीला जन्मभर रस्त्यावरूनच हात जोडले होते. आमच्या कोल्हापुरात तालीम म्हटलं की बाहेरच्या लोकांना कुस्ती आठवते. हौद्यात लाल माती असतेच, पण पेठेचा जीव अडकलेला असतो तो फुटबॉलमध्ये. तालमीची टीम हरली की त्या दिवशी घराघरात चूल थंड. आणि आज समोर चावडी चौक तालीम होती. दोन्ही पेठांमध्ये सोयरीकसुद्धा जपून व्हायची.

मी गेले तर मारुतीसमोर स्टुलावर पितळी ताट, ताटात भंडारा. बिरोबाची हळद. आमच्या भागात कोर्टातली शपथ माणूस हसत हसत मोडेल, पण भंडारा उचलून खोटं बोलायला कुणाची छाती होत नाही. खोटं बोललं तर घराण्याचं वाटोळं होतं म्हणतात. एकेक खेळाडू पुढं येत होता, चिमूटभर भंडारा उचलत होता, "मी फुटलेलो न्हाई, फुटणार न्हाई" म्हणत होता, कपाळाला लावून मागं सरकत होता.

शेवटी एको राहिला.

एको क्वानसा. घानातल्या केप कोस्टचा, एकवीस वर्षांचा. कुणा एजंटानं मोठ्या क्लबाची आशा दाखवून त्याला भारतात आणला आणि विमानतळाबाहेर पडल्यावर एजंटाचा फोन कायमचा बंद झाला. धक्के खात खात तो कोल्हापूरला पोचला. आमच्या तालमीनं त्याला एका सीझनसाठी घेतलं आणि आबांनी त्याला आमच्याच माडीवर ठेवून घेतलं, रोज संध्याकाळी डावपेच शिकवता येतील म्हणून. आईची दाण्याची आमटी पहिल्यांदा प्याला तेव्हा त्यानं वाटी खाली ठेवली आणि आईकडं बघत राहिला. त्याच्या आईच्या हातचं शेंगदाण्याचं सार थेट असंच लागायचं. त्या दिवसापासून तो आईला "आई" म्हणायला लागला आणि आई त्याला माझ्याआधी वाढायला लागली.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, म्हणून तालमीची दुभाषी झाले. बाकी त्याचं त्यानं बरंच मराठी उचललं होतं. "लई भारी", "व्हय की", आणि दोन-तीन शब्द असे की जे मी आईसमोर बोलू शकले नसते.

"त्याला इचार," बंडादादा म्हणाला, "चावडी चौकाच्या अध्यक्षाच्या इमारतीतनं हा उतरताना लोकांनी बघितलाय. एकदा न्हाई, बऱ्याचदा. कशाला गेलता?"

मी विचारलं. मला वाटत होतं की एको आता हसेल आणि म्हणेल, छे, मी कुठं गेलो? आफ्रिकेचा माणूस कोल्हापुरात दिसला की तो एकोच, असं ठरवून टाकणारे लोक आमचे.

"गेलो होतो," एको म्हणाला.

मी ते मराठीत सांगितलं. बंडादादा एक पाऊल पुढं आला.

"कशाला?"

"ते नाही सांगणार. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

 एको जमिनीकडं बघत राहिला. आबा मारुतीच्या शेजारी कट्ट्यावर, गदेला पाठ टेकून बसले होते. तेही गप्प.

बंडादादा तालमीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता, पण संशयाचा किडा त्याच्या डोक्यात घर करून होता. घरी दूध पातळ आलं तरी त्याला त्यात चावडी चौकाचा हात दिसायचा. तो म्हणाला, "सोपं करून टाकू. भंडारा उचल आणि म्हण, मी त्या इमारतीत पाय ठेवल्याला न्हाई आणि मी फुटल्यालो न्हाई. सुटलास."

मी सांगितलं. एकोनं हात पाठीमागं बांधले.

"दुसरं म्हणतो," तो म्हणाला. "पहिलं कसं म्हणू? मी गेलो होतो."

"अरे, म्हणून टाक," मी इंग्रजीत, आवाज दाबून म्हटलं. "तुझा देव थोडाच आहे हा?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला लाज वाटली. "देव तुमचा आहे, पण खोटं तर माझंच असेल ना? ते बोलून मी बूट कसे घालू?"

मी हेही मराठीत सांगितलं. मला वाटलं, ऐकून कुणाचं तरी मन पाघळेल. कशाचं काय! बंडादादानं ताट उचललं आणि म्हणाला, "झालं. चोराच्या मनात चांदणं. भंडारा उचलंना, म्हंजे फुटलाय. आज ह्यो भाईर बसंल."

बाहेर बसेल, म्हणजे संपलंच. त्या फायनलला कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबाचा माणूस येणार होता, घोषाल नावाचा. खास एकोला बघायला. महिन्याअखेर एकोचा व्हिसा संपत होता. कोलकात्यानं घेतलं तर तो राहणार, खेळणार, पुढं जाणार. नाहीतर केप कोस्टला परत, मामाच्या होडीवर जाळी ओढायला. त्याच्या आईनं घराबाहेर शेजारणींना सांगून ठेवलं होतं की माझा लेक इंडियात मोठा खेळाडू झालाय. हे सगळं पेठेला माहीत होतं आणि तरी सगळे ताटाकडंच बघत होते.

"ठेव ते ताट," आबा म्हणाले.

ते उठले. उठताना त्यांचा हात गदेवर चाचपडला. मला वाटलं, रागानं थरथरतोय. माझे वडील हिंदुराव सरनाईक, यांनी आयुष्यात कधी भंडारा उचललेला नव्हता. भावकीच्या वाटणीतसुद्धा नाही. "माझा शब्द हाय की, वर हळद कशाला?" असं म्हणायचे. ते ताटाजवळ आले, त्यांनी बोटांनी ताटाची कड शोधली आणि मूठभर भंडारा उचलला.

"ह्यो पोरगा फुटल्याला न्हाई. फुटला असंल तर माझं वाटोळं. आज ह्यानं खेळात खोट केली तर हिंदुराव सरनाईक उद्या पेठ सोडंल."

 बंडादादाचा चेहरा पडला. "आबा, कशाच्या जोरावर ओ?"

"माझ्या," आबा म्हणाले आणि पायानं चप्पल शोधत बाहेर पडले. एकोनं पुढं होऊन त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघं नेहमी असेच चालायचे. पेठेतली पोरं चिडवायची, वस्तादाला बरी काळी काठी मिळाली म्हणून.

घरी आल्यावर मी आबांना सोडलं नाही. "पेठ सोडणार म्हणजे? आणि आम्ही? आई कुठं जाईल? तो तिथं कशाला गेला होता हे तरी विचारलंत का?"

"न्हाई विचारलं."

"मग तुम्हाला काय माहिती?"

"मला पोरगं माहिती हाय," एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मला त्यांचा इतका राग आला की मी पाण्याचा तांब्या दाणकन आदळला. विश्वास ठेवावा, पण माणसानं घरदार डावावर लावून ठेवावा का?

एको जेवला नाही. आईनं आमटी पुढं केली तर नुसता वाटीत बघत बसला. मग मला म्हणाला, "उल्का, मी न खेळलेलंच बरं का? आज एक पास जरी चुकला तरी लोक आबांना बोलतील."

"चुकवू नकोस मग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चुकत नाही असा खेळाडू मी तरी बघितलेला नाही. पण त्या दिवशी मला तसलाच हवा होता.

स्टेडियमवर जाताना बंडादादानं मला गाठलं. "तू आज बेंचमागं उभी ऱ्हा. त्यो आत-भाईर कुणासंगं काय बोलतोय, मला समदं कळायला पायजे." म्हणजे मला हेर केलं होतं. पण मी गेले. त्यासाठी नव्हे, आबांच्या जवळ राहता येईल म्हणून.

स्टेडियम खच्चून भरलेलं. एका अंगाला आमची पेठ, दुसऱ्या अंगाला चावडी चौक. तालमीतली सकाळची गोष्ट आमच्या आधी तिथं पोचली होती. एको मैदानात उतरला तसं समोरून ओरडणं आलं, "आमचा आला, आमचा आला!" आणि ते आमच्या लोकांनी ऐकून घेतलं. एरवी असल्या बोलण्याला दगड गेला असता.

एकोच्या पायात ते नारिंगी बूट होते. आबांनी हट्टानं त्याला घ्यायला लावलेले. आमची सगळी टीम काळ्या बुटांत आणि हा एकटा लग्नाच्या मांडवातल्या झेंडूसारखा. बंडादादानं त्यावरूनही तेव्हा कटकट केली होती.

खेळ सुरू झाला. एरवी मी मॅच बघायचे, त्या दिवशी फक्त एकोचे पाय बघत होते. त्यानं बॉल अडवला की मी श्वास सोडायचे, दुसऱ्याला दिला की परत धरायचे. एकदा त्याचा पास समोरच्याच्या पायात गेला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बघितलं? ठरवून दिला." मी मागं वळून त्या माणसाकडं असं बघितलं की त्यानं तोंडातला शेंगदाणा तसाच धरून ठेवला.

आबा लाइनीजवळ उभे होते, मान एका बाजूला कलती करून. ती त्यांची जुनी ढब. "वस्ताद मॅच कानानं बघतो," असं पेठेत कौतुकानं म्हणायचे.

मध्यंतरानंतर चावडी चौकानं गोल केला. आमची बाजू स्मशानासारखी गप्प झाली. मग थोड्या वेळानं एकोनं डावीकडून तिघांना चकवून असा बॉल आत टाकला की आमच्या कॅप्टनला नुसतं डोकं लावायचं होतं. एक-एक. मी नाचले. बंडादादासुद्धा नाचला आणि मग आठवण झाल्यासारखा थांबला. लांब खुर्चीवर बसलेला तो कोलकात्याचा घोषाल पहिल्यांदा पुढं वाकला.

आणि अगदी शेवटी पेनल्टी मिळाली.

दुसरं कुणी घ्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. कॅप्टननं बॉल उचलला आणि एकोच्या हातात दिला. सीझनभर पेनल्टी त्याच्याच होत्या, आज बदलायचं कारण काय? कारण होतं, पण ते मैदानातल्या कुणी बोलून दाखवलं नाही.

लांबच्या बाजूचा गोल. एको चार पावलं मागं गेला. मी आईची सगळी दैवतं आठवली.

त्यानं मारला. गोलकीपर उजवीकडं पडला, बॉल डावीकडं गेला आणि खांबावर आदळून बाहेर आला.

सगळं स्टेडियम एकदमच गर्जलं. अर्धं आनंदानं, अर्धं हाय खाऊन, पण आवाज एकच झाला. आमच्या बाजूनं पहिली चप्पल मैदानात पडली. "विकला! विकला!" हा गलका सुरू झाला. बंडादादा धावत लाइनीवर आला, त्याचा चेहरा लालबुंद. "आबा, काढा त्याला! आत्ता काढा!"

आबांनी माझं मनगट घट्ट पकडलं. 

"गेला का गं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"उल्के, सांग की. गेला का आत?"

मैदानातला बॉल, डोकं धरून उभा असलेला एको, नाचणारा गोलकीपर, हे सगळं आमच्या समोर होतं. आणि माझे वडील त्या सगळ्याकडं तोंड करून मला विचारत होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते माझ्याकडं वळले, पण थोडे चुकून, माझ्या कानाच्या बाजूला.

"नाही आबा," मी म्हटलं. "खांबाला लागला."

बंडादादानं ऐकलं होतं.  "आबा... तुमाला दिसलं न्हाई?"

 आणि मग मला सगळं एकदमच कळत गेलं. गदेवर चाचपडणारा हात. ताटाची कड शोधणारी बोटं. डावपेच शिकवायचे म्हणून रोज संध्याकाळी माडीवर जाणं आणि आतून कडी लावून घेणं. एकोच्या खांद्यावरचा हात. ते झेंडूसारखे बूट. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात म्हणून एकटंच रिक्षानं जाणं.

"त्या इमारतीत वरच्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे," मी म्हटलं. मी कुणाला सांगत होते कुणास ठाऊक.

"काचबिंदू हाय म्हणं," आबा हळूच म्हणाले. "कडंचं दिसत न्हाई. आता मधलंबी धुरकट झालंय. एकदा सरावात बॉल येऊन कानावर बसला, तवा त्येच्या ध्यानात आलं. त्योच धरून घिऊन गेला. मला रिक्षात बसवून त्यो औषीद आणाय पुन्ना वर जायचा, म्हणून लोकांनी त्येलाच बघितलं. औषीदबी त्योच घालतो डोळ्यात. म्या त्येचा शब्द घेतलाय, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून."

"आणि मग सकाळी का बोलला नाहीत?" मी विचारलं.

"भ्यालो गं," आबा म्हणाले. "वस्तादाला दिसत न्हाई म्हटल्यावर पोरांचे पाय लटपटलं असतं. आन् मला घरी बसवलं असतं. तालमीबिगर म्या काय करू?"

माझ्या बापाला घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. राग यायला हवा होता, तो आलाही, पण त्याच्याआधी रडू आलं.

बंडादादा तसाच उभा होता. मैदानात खेळ परत सुरू झाला होता, मागून "काढा त्याला" चालूच होतं. सकाळपासून ज्याच्यावर त्यानं खापर फोडलं होतं, त्यानं हळद हातात घेऊन खोटं बोलायला नकार दिला होता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. बंडादादानं बाह्या मागं सारल्या आणि आबांच्या शेजारी, अगदी कानाशी जाऊन उभा राहिला.

"आबा, थ्रो आपला हाय. डावीकडनं. एको मधी आलाय. दोघं त्येच्या अंगावर हाईत. बाकी समदे मागं."

"कॅप्टनला म्हणावं, उजवीकडं सुट," आबा म्हणाले.

"कॅप्टन! उजवीकडं!" बंडादादा फाटक्या आवाजात ओरडला.

ती फायनल आम्ही हरलो. टायब्रेकरवर. एकोनं आपली किक जाळीत मारली, कॅप्टनची वरून गेली. पण लोकांना आठवण होती ती आधीच्या खांबाचीच. चावडी चौकाचा गुलाल उडायला लागला आणि आमच्या बाजूनं "विकला" काही थांबेना.

घोषाल आमच्याकडं चालत आला. बारीक, चष्मेवाला, शांत माणूस. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, "हे लोक काय ओरडतायत?"

मी सांगितलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणीही सांगितलं असतं.

त्यानं चष्मा पुसला. "मुलाचे पाय मला आवडले. पेनल्टी कुणाचीही चुकते. पण ज्याची स्वतःची माणसं असं म्हणतात, तो मुलगा मी माझ्या क्लबात कसा नेऊ? मला विचारतील, तेव्हा मी काय दाखवू?"

एको तिथंच बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. त्यानं ऐकलं. त्यानं मान वर केली नाही, नाडीची गाठ सोडतच राहिला.

"काय म्हणतोय त्यो?" बंडादादानं विचारलं. मी सांगितलं.

बंडादादा वळला. खेळाआधी बॉलवर टाकायला आमच्या सामानाच्या पिशवीत भंडाऱ्याची पुडी असायची. त्यानं ती काढली, फाडली आणि सगळीच्या सगळी मुठीत घेतली. मग आमच्या लोकांकडं तोंड करून, हात डोक्याच्या वर नेऊन ओरडला, "ए! गप बसा! ऐका!"

सेक्रेटरीच्या मुठीतून पिवळी धार सांडताना दिसली आणि आवाज खाली बसत गेला.

"ह्यो एको फुटल्याला न्हाई! त्यो त्या इमारतीत कशाला गेलता, मला म्हाईत हाय, आन् ते तुमाला सांगायची गरज न्हाई! ह्येच्यात खोटं असंल तर माझ्या घरादाराचं वाटोळं! बंडा नलवडे बोलतोय!"

 ज्यानं चप्पल फेकली होती, तो अनवाणीच खाली मान घालून उभा होता.

घोषालनं त्या पिवळ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे काय करतायत ते?"

"सही," मी म्हटलं.

त्याला कितपत कळलं, देव जाणे. पण त्यानं गप्प झालेल्या त्या सगळ्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली. मग तो एकोसमोर वाकला आणि म्हणाला, "शनिवारची गाडी पकड. बूट आण. हेच आण, लांबून दिसतात."

एको उठला. बंडादादानं त्याचा हात दोन्ही हातांनी धरून हलवला. त्याला बोलायचं होतं, पण इंग्रजी येत नव्हतं आणि मराठीतही त्याला त्या वेळी काही सुचलं नसतं. तो हलवतच राहिला. सुटला तेव्हा एकोचा तळहात हळदीनं पिवळाधमक झाला होता. त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

मग तो माझ्याकडं आला. थोड्या अंतरावर आबा बाकावर बसले होते, त्यांच्याकडं त्यानं एकदा बघितलं, आणि माझ्या कानाशी वाकून हळू आवाजात, काळजीनं विचारलं,

"उल्का, आबांचं बाकी कुणाला कळलं नाही ना?"